एचडीआर : उजेड किती, अंधार किती
(मंडळाच्या हौशी छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



"उत्सवाच्या आधी आपल्या फोटोवाल्या मंडळींना काहीतरी उपयोगाचे सांगा," असा कार्यकारिणीचा निरोप आला आणि मी लगेच हो म्हटले. मी धंदेवाईक छायाचित्रकार नाही. आपल्यातल्या बहुतेकांसारखीच नोकरी करतो आणि शनिवार-रविवार कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतो. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते एका हौशी माणसाने दुसऱ्या हौशी माणसाला सांगावे तसे.

तयारी म्हणून मंडळाचे जुने अल्बम चाळले. त्यात मला तीन प्रकारचे फोटो दिसले. पहिल्या प्रकारात मूर्ती सुरेख आली आहे, पण आरतीला उभे असलेल्या आजी-आजोबांचे चेहरे काळेठिक्कर. दुसऱ्या प्रकारात चेहरे ओळखू येतात, पण मखराच्या दिव्यांचा नुसता पांढरा गोळा झाला आहे. तिसरा प्रकार अलीकडच्या वर्षांतला, फोनवर काढलेला. त्यात मूर्ती दिसते, चेहरे दिसतात, मागचा पडदा आणि खुर्च्यांखालच्या चपलासुद्धा दिसतात. पण सगळे इतक्या सारख्या उजेडात की समई पेटलेली आहे की विझलेली, हे फोटो पाहून सांगता येत नाही! हे तीनही फोटो एकाच अडचणीतून निघाले आहेत. त्या अडचणीवरच्या एका उपायाचे नाव एचडीआर, म्हणजे हाय डायनॅमिक रेंज. हा उपाय केव्हा करावा, कसा करावा आणि केव्हा अजिबात करू नये, एवढाच आजचा विषय आहे. एक खुलासा आधीच करतो. टीव्हीच्या खोक्यावर लिहिलेले एचडीआर म्हणजे जास्त प्रखर उजेड दाखवू शकणारा पडदा. आपण बोलणार आहोत ते फोटो काढण्याच्या एचडीआरबद्दल.

आधी अडचण समजून घेऊ. भर दुपारी उघड्या अंगणात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. त्याच वेळी घरातल्या बसायच्या खोलीत शंभर-दोनशे लक्स आणि जुन्या घराच्या माजघरात तर जेमतेम दहा. म्हणजे अंगण आणि माजघर यांत दहा हजार पटींचा फरक. छायाचित्रकार हा फरक 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. दहा वेळा दुप्पट केले की सुमारे हजार पट होते, तेरा वेळा केले की आठ हजार पट. थोडक्यात, माजघराच्या दारातून अंगणाचा फोटो घ्यायचा तर तेरा-चौदा स्टॉपचा पल्ला हवा. आजचे उत्तम मोठ्या सेन्सरचे कॅमेरे अनुकूल परिस्थितीत तेवढा पल्ला कसाबसा गाठतात. पण कागदावरच्या प्रिंटमध्ये पांढऱ्याशुभ्रापासून काळ्याकुट्टापर्यंतचा पल्ला सहा-सात स्टॉपचाच असतो. पायलीभर धान्य अधोलीत कसे मावेल, असा हा प्रश्न आहे.

आपल्या डोळ्यांना ही अडचण जाणवत नाही, कारण डोळा एका जागी थांबत नाही. तो अंगणाकडे वळला की बाहुली आकसते, माजघराकडे वळला की विस्फारते, आणि या तुकड्यांतून मेंदू एक अखंड देखावा उभा करतो. कॅमेऱ्याला मात्र एका क्षणी एकच माप घ्यावे लागते. मग त्याला दोन-तीन मापे घ्यायला लावून ती एकत्र करायची, ही एचडीआरची मूळ कल्पना.

ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. १८५६-५७च्या सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची छायाचित्रे काढली. त्या वेळच्या काचेच्या निगेटिव्हवर समुद्र नीट आला की आकाश कोरे यायचे. त्याने आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी निगेटिव्ह घेतली आणि दोन्ही एकाच कागदावर छापल्या.

दुसरे उदाहरण आपल्या घरच्या वाटेवरचे आहे. उद्यान एक्सप्रेसने गावी जाताना कुर्डुवाडी आणि दौंड यांच्या मध्ये जेऊर नावाचे छोटे स्टेशन लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली पथके घेऊन तिथे गेले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तिथेच आले होते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे कडेजवळचे तेज आणि दूरवरचे तेज यांत हजार पटींहून जास्त फरक असतो. एका प्लेटवर ते मावणे शक्यच नाही. म्हणून ग्रहणाचे छायाचित्रकार कमी वेळाची, मध्यम वेळाची आणि जास्त वेळाची अशा अनेक प्लेटा घेत. त्या काळी या प्लेटांवरचा तपशील एकत्र करून चित्रकार हाताने प्रभामंडळाचे एकच चित्र काढीत. आज आपण ज्याला ब्रॅकेटिंग म्हणतो ते हेच. पुढच्या वेळी जेऊर लागले की मुलांना खिडकीतून हे स्टेशन जरूर दाखवा.

संगणकावर हे काम शास्त्रशुद्ध पद्धतीने कसे करावे, हे १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी जितेंद्र मलिक यांनी एका गाजलेल्या शोधनिबंधात मांडले. २००३ मध्ये फोटोमॅटिक्स हे सॉफ्टवेअर आले आणि २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये ही सोय आली. त्यानंतर काही वर्षे एचडीआरची अशी काही लाट आली की विचारू नका. कॅलेंडरे, स्क्रीनसेव्हर, सगळीकडे शाईसारखे ढग, जांभळे रस्ते आणि प्रत्येक इमारतीभोवती चंद्राला पडते तसे खळे! एचडीआर हे नाव बदनाम झाले ते त्या काळात. मग २०१० मध्ये आयफोनवर एचडीआर आले. २०१३ मध्ये गूगलने आपल्या नेक्सस फोनवर एका दाबात अनेक कमी उजेडाचे फोटो घेऊन ते जोडण्याची पद्धत आणली. आज जवळजवळ प्रत्येक फोन हे न विचारता करतो.

मग शिकायचे कशाला, असे कोणी विचारील. शिकायचे यासाठी की फोनला 'उजेड' कळतो, पण समई कळत नाही. कोणता अंधार ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ठरवणारा माणूसच हवा.

आता 'केव्हा'. एचडीआरकडे वळण्याआधी मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न, थोडे थांबता येईल का? विधानसौधाला रोषणाई असते त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आकाशाचा निळा उजेड आणि दिव्यांचा पिवळा उजेड जवळजवळ समसमान होतात. तेव्हा एकाच साध्या फोटोत सगळे मावते. बंगळूर विषुववृत्तापासून फक्त १३ अंशांवर असल्यामुळे आपल्याकडे संधिप्रकाश लवकर संपतो. म्हणून आधीच जागेवर उभे राहायला हवे. शिवाय भाद्रपदात इथे बहुधा ढगाळ असते. ढग म्हणजे आकाशभर ताणलेले पांढरे कापड. तो उजेड मऊ असतो, फुकट असतो.

दुसरा प्रश्न, जागा बदलता येईल का? खिडकीसमोर बसलेल्या आजोबांचा फोटो घ्यायचा असेल तर त्यांना विनंती करून खुर्ची थोडी वळवावी. उजेड पाठीवरून गालावर आला की सॉफ्टवेअरची गरजच राहत नाही.

तिसरा प्रश्न, अंधारात थोडा उजेड टाकता येईल का? सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटात बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला आणि खऱ्या चौकात झिरपतो तसा प्रकाश मिळवला. आपल्याला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडासुद्धा पुरतो.

चौथा प्रश्न, 'रॉ' फाइलमध्येच हे मावते आहे का? जेपेगमध्ये काळा दिसणारा कोपरा रॉ फाइलमध्ये बऱ्याचदा शाबूत असतो. तिथे एकाच फोटोत दोन-तीन स्टॉप सहज उघडता येतात.

या चारही प्रश्नांचे उत्तर 'नाही' आले आणि समोरची वस्तू हलणारी नसेल, तर खुशाल एचडीआर करावे. टिपूच्या उन्हाळी महालातले सागवानी खांब आणि मागचे उन्हातले आवार, लालबागेचे काचघर आतून, मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाचा अंधारा मंडप आणि बाहेरची झाडी, ही एचडीआरची हक्काची ठिकाणे. काडू मल्लेश्वराचे नाव घेतलेच आहे तर सांगतो, तिथल्या १६६९ सालच्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. मात्र देवळात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिवई, म्हणजे ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, हेही लक्षात ठेवावे.

आणि नंदी हिल्सवरच्या धुक्यात, लेझीम खेळणाऱ्या पोरांवर, विसर्जनाच्या गर्दीवर, माणसाच्या चेहऱ्यावर एचडीआर करू नये. धुक्यात फरक मुळातच कमी असतो, तिथे जोडणीने फक्त मळकटपणा येतो. हलणारा माणूस प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतो, त्यामुळे एका लेझीमवाल्याला तीन हात फुटतात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जास्त उठाव देऊन दाखवल्या की सत्तरीच्या काकू नव्वदीच्या दिसतात, आणि त्यानंतर त्या आपल्याला चहा विचारत नाहीत.

आता 'कसे'. वहीत लिहून घ्या, फार नाही. कॅमेरा तिवईवर पक्का बसवावा. लेन्समधले स्थिरीकरण बंद करावे. फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाकावा. अॅपर्चर एफ ८ ला, आयएसओ १०० ला कायम ठेवावे, ऑटो आयएसओ बंद. व्हाइट बॅलन्सही एकाच जागी ठेवावा, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. बदलायची ती फक्त शटरची वेळ. अॅपर्चर बदलले तर किती खोलवर स्पष्ट दिसते तेही बदलते आणि फोटो एकमेकांवर बसत नाहीत.

मग दोन-दोन स्टॉपच्या अंतराने फोटो घ्यावेत. समजा सेकंदाचा १/५००, मग १/१२५, १/३०, १/८ आणि १/२. प्रत्येक वेळी चौपट. पाच फोटोंत २५६ पट, म्हणजे आठ स्टॉपचा जादा पल्ला मिळाला. साध्या देखाव्याला तीन फोटो पुरतात. किती घ्यायचे ते हिस्टोग्रॅमला विचारावे. सर्वांत कमी वेळाच्या फोटोत आलेख उजव्या भिंतीला टेकता कामा नये आणि सर्वांत जास्त वेळाच्या फोटोत डाव्या भिंतीला टेकता कामा नये. या दोन अटी पुऱ्या झाल्या की काम झाले. बटण बोटाने दाबू नये, दोन सेकंदांचा टायमर लावावा.

जोडणीसाठी फोटोशॉप, लाइटरूम, फोटोमॅटिक्स किंवा फुकट मिळणारे ल्युमिनन्स एचडीआर, यांपैकी काहीही चालेल. जोडलेल्या फाइलमधला पल्ला पडद्यावर किंवा कागदावर मावेल असा दाबणे, याला टोन मॅपिंग म्हणतात. बिघडते ते इथेच. माझा नियम सोपा आहे. मूळ देखाव्यात जे सर्वांत उजळ होते ते फोटोतही सर्वांत उजळ राहिले पाहिजे. खिडकीबाहेरचे आकाश खोलीतल्या भिंतीपेक्षा काळपट झाले, की डोळ्याला खोटेपणा लगेच कळतो. स्लायडर जिथे बरा वाटतो तिथून थोडा मागे आणावा आणि फाइल दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावी.

आपल्या मंडपातल्या दोन खास गोष्टी. एक, एलईडी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर फार जलद असेल तर फोटोत आडवे पट्टे येतात. म्हणून मंडपात सर्वांत कमी वेळाचा फोटोही १/१०० पेक्षा जलद नसावा. लागलेच तर अॅपर्चर एफ १६ पर्यंत आवळावे. लुकलुकणाऱ्या माळांच्या डबीवरचे बटण दाबून त्या तेवढ्यापुरत्या स्थिर कराव्यात, नाहीतर एका फोटोत अर्धी माळ विझलेली असते. दोन, ज्योत. समईची ज्योत हलते. ती जोडू नये. सर्वांत कमी वेळाच्या एकाच फोटोतली ज्योत घेऊन तेवढ्या जागी ठेवावी. मखराचा असा फोटो आरतीच्या आधी, गर्दी नसताना घ्यावा. आरती सुरू झाली की तिवई मिटावी आणि एकेक साधा फोटो माणसांचा घ्यावा. त्यात मागची माळ पांढरी झाली तर होऊ द्यावी.

आता ज्या एका कामासाठी मला एचडीआर सर्वांत मोलाचे वाटते, त्याबद्दल सांगतो. निपाणीला माझ्या मामांचे जुने घर होते. वाटण्या झाल्या, घर विकायचे ठरले, पाडापाडीची तारीखही ठरली. मामा तोवर गेले होते. मला दोन दिवस मिळाले. सोपा, माजघर, देवघर, न्हाणी, परस, एकेका जागेचे पाच-पाच, सात-सात फोटो घेतले. माजघराला खिडकी नव्हती. छपरात एक काचेचे कौल होते आणि दुपारी त्यातून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडायचा. तो कवडसा आणि कोपऱ्यातले जाते, दोन्ही एका फोटोत मावणे शक्य नव्हते.

बंगळूरला परत आल्यावर मी मुद्दाम दोन प्रती तयार केल्या. एकीत सगळे स्पष्ट : फडताळातले डबे, कोनाड्यातली चिमणी, तुळईवरची कुळकुळीत काजळी. दुसरीत फक्त कवडसा, त्याच्या कडेचे शेणाने सारवलेले थोडे अंगण वाटावे असे जमिनीचे तुकडे, जात्याची कड, आणि बाकी अंधार. दोन्ही प्रिंट घेऊन मामींकडे गेलो.

मामींनी पहिली प्रत हातात घेतली आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग खांबावर बोट ठेवले. "ह्या बघ रेघा. तुमची उंची मोजायचे रे मामा, दर मे महिन्यात. खिळ्यानं." त्या रेघा घरात उभे राहूनही मला दिसल्या नव्हत्या, पाच फोटोंच्या जोडणीत दिसल्या. मग त्यांनी दुसरी प्रत घेतली आणि हसल्या. "माजघर हे. एवढा उजेड कधी नव्हता आमच्याकडं. अंधारात हाताला सवय असायची, कुठला डबा कुठं ते." आणि निकाल दिला : "हा भिंतीवर लाव. तो कागदपत्रांच्या पेटीत ठेव, पोरांना पुढं लागंल."

एचडीआर केव्हा आणि किती, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालेले नाही. पेटीत ठेवायच्या फोटोत काही म्हणजे काही लपू नये, कारण नंतर तिथे परत जाता येणार नसते. भिंतीवरच्या फोटोत मात्र त्या घराचा अंधारही आला पाहिजे. एकाच जोडणीतून दोन्ही निघतात, फक्त आपण कशासाठी फोटो करतो आहोत हे आधी ठरलेले हवे. ते घर आता नाही. तिथे तीन मजली इमारत आहे.

म्हणून एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी कित्येकांची गावाकडची घरे आज कुलपात आहेत, किंवा वाटणीच्या वाटेवर आहेत. सातारा, बेळगाव, कोकण, मराठवाडा, कुठलेही असो. येत्या दिवाळीत जाल तेव्हा तिवई बरोबर न्या. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर, एवढ्या तीन जागांचे तरी पाच-पाच फोटो घ्या. मूळ फाइली पुसू नका. जोडणी जमली नाही तर मला आणून द्या, आपण बसून करू. कोणाकडे तिवई नसेल तर माझ्याकडे दोन आहेत. त्यातली एक थोडी लंगडते, पण खाली विटेचा तुकडा ठेवला की उभी राहते.

 बाहेर बटाटेवडे तयार आहेत असे कळते, तेव्हा प्रश्न तिथेच विचारा.

गणपती बाप्पा मोरया!